बबडीचे त्रेचाळीस वाढदिवस

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, बाई अंड्यांचं पांढरं फेटत असताना, फोन वाजला. आता फोन वाजण्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल; पण गेल्या आठ महिन्यांत त्या फोनवर विमावाले बोलले होते, चुकीचे नंबर लागलेले सात जण बोलले होते, त्यातल्या एका आजोबांनी तर बाईंना आपली सून समजून अर्धा तास झापलं होतं आणि बाईंनीही उगाच कशाला म्हणून मुकाट्याने ऐकून घेतलं होतं; पण केक पाहिजे म्हणून एकही माणूस बोललं नव्हतं. त्यामुळे बाईंनी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला आणि फेटणं चालू ठेवलं. पलीकडे तरुण, घाईतला आवाज होता. केकवाल्या बाई तुम्हीच का, म्हणाला. बाईंच्या हातातलं यंत्र थांबलं. हो, मीच. कोणता केक, किती वजनाचा, कधीला, हे तीन प्रश्न बाईंनी आठ महिने घासूनपुसून ठेवले होते, ते ओठांवर आले, पण त्याआधी आवाजच बोलला.

"एक विचारू का, रागावू नका. ही बबडी कोण हो?"

"कोण बबडी?" बाई म्हणाल्या. खरंच म्हणाल्या, ढोंग नव्हतं.

"अहो, इंटरनेटवर तुमच्या पानावर त्रेचाळीस केकांचे फोटो आहेत. बसमध्ये बसून मोजले मी. त्रेचाळीसच्या त्रेचाळिसांवर बबडी लिहिलंय. दर आठवड्याला वाढदिवस असतो का तिचा?"

मागून कुणीतरी त्या आवाजाला हाक मारली, आवाज थांबा थांबा म्हणाला, नंतर बघते म्हणाला आणि गेला. बाईंनी फोन ठेवला. भांड्यातलं पांढरं तोवर बसलं होतं. पांढऱ्याचं हे असंच असतं. ते शिखरावर यायला लागलं की मध्ये थांबायचं नाही, थांबलात की ते मनातून उतरतं आणि मग कितीही फेटा, पाणीच राहतं. रसायनशाळेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. कॉलेजातली पोरं त्यांना पाठीमागे बाटलीबाई म्हणायची, कारण बाईंच्या राज्यात लेबलावाचून एक बाटली उभी राहू शकत नसे. नाव, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे. तीन रकाने. एकदा एका नव्या प्राध्यापकाने कपाटात बिनलेबलाची बाटली ठेवली, तर बाईंनी ती बाटली आणि प्राध्यापक दोघांनाही दाराबाहेर उभं केलं होतं, असं पोरं सांगायची. बाटलीचं खरं आहे. आज मात्र त्या बाटलीबाई ओट्याशी उभ्या राहून नवऱ्याचा फोन वरखाली सरकवत होत्या आणि एकेक केक बघत होत्या. गोल, चौकोनी, चॉकलेटचा, संत्र्याचा, अननसाचा, दोन मजली, एक थोडा कललेला. बबडी. बबडी. बबडी. गुलाबी, पांढरी, तपकिरी बबडी. आणि त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. मिलिग्रॅमचा फरक नुसत्या डोळ्यांनी पकडणाऱ्या बाईच्या हे लक्षात आलं नव्हतं.

गिऱ्हाईक का येत नाही याचा दोघांनी आठ महिने किती खल केला होता. बाईंचा नवरा लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात घालवलेला. जगातली कुठलीही गोष्ट वर का जात नाही हे आपल्याला कळतं, असा त्याचा पक्का समज. निवृत्तीनंतर बाईंनी ओव्हन घेतला तेव्हा तो म्हणाला होता, केकवाल्या बाई, माल तुमचा, गिऱ्हाईक माझं. मग बाईंनी चिठ्ठ्या लिहिल्या, बाटलीवर लिहितात तशा सुवाच्य, आणि त्याने त्या इमारतीतल्या सगळ्या टपालपेट्यांत टाकल्या. चार जणांनी त्या औषधाच्या समजून जपून ठेवल्या. मग नमुन्याचे तुकडे वाटले. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी आपल्याला डॉक्टरांनी गोड बंद केलंय असं सांगत तीन तुकडे खाल्ले आणि कृती मागितली. सगळ्यांनी कृतीच मागितली. मग लिफ्टवाल्याने शेवटचा उपाय काढला. स्वयंपाकघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा खिडकीतून काढून त्याने अशा कोनात बसवला की केक भाजायला लागला की सगळा वास तिसऱ्या मजल्यावरून तिरका खाली उतरून बस थांब्यावर पडावा. तो पडला. लोकांच्या बस चुकायला लागल्या. एक बसचालक तर गाडी उभी करून खाली उतरला आणि वाढदिवस कुठल्या घरात आहे ते विचारून पुन्हा चढला, असं लिफ्टवाला शपथेवर सांगतो. बाईंना त्यातली बस तेवढी खरी वाटते. पण वर कुणी आलं नाही. वास घेऊन लोक आपापल्या घरी गेले. संध्याकाळी खिडकीत उभं राहून बाई त्यांच्या पाठी बघायच्या. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी असणार, त्या कुणाचा तरी वर्षातून एक दिवस असणार, हे हिशेबाने बरोबर होतं. नुसत्या त्या थांब्यावर रोजचे निदान चार वाढदिवस उभे असणार. ते बसमध्ये चढायचे, दार लागायचं, आणि बाईंच्या छातीत काहीतरी त्या बसबरोबर थोडं ओढलं जाऊन परत यायचं. गिऱ्हाईक पाहिजे होतं हे खरं. पण ओळखीचं नको, भीड म्हणून आलेलं नको. एक पूर्ण अनोळखी माणूस पाहिजे होतं, ज्याने दारात उभं राहून म्हणावं की माझ्या माणसासाठी तुमच्या हातचं पाहिजे.

तरी बबडीच का? त्याला कारण होतं, बाईंनी ते लगेच स्वतःला सांगून टाकलं. क्रीमने अक्षर काढणं म्हणजे पेनाने लिहिणं नव्हे. पिशवी एका हाताने दाबायची, दुसऱ्याने नुसतं वळण द्यायचं, श्वास धरायचा. सरावाला सोपं नाव लागतं. ब काढला की दुसरा ब आपोआप येतो, ड ला जरा वळसा, वर एक वेलांटी, झालं. शिवाय फोटोसाठी केक म्हटल्यावर त्यावर काहीतरी लिहिलेलं हवंच, आणि गिऱ्हाईकच नाही तर नाव कुणाचं लिहिणार? म्हणून घरातलं लिहिलं. कारण इतकं चोख होतं की बाईंना त्याचा संशय आला. प्रयोगात उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर आलं की त्या मुलाची वही बाई दोनदा तपासायच्या. घरातलंच लिहायचं तर लिफ्टवाल्याचं का नाही लिहिलं? त्याचं नावही काही मोठं नव्हतं. आणि बबडी तरी घरातली कुठे राहिली होती? बबडी एकतीस वर्षांची होती, समुद्रापलीकडे पूल बांधणाऱ्या एका कंपनीत होती, तिथले लोक तिला तिच्या आडनावाने हाक मारत आणि तेही मोडून. चार वर्षं झाली तिला येऊन. दर रविवारी फोन करायची. तब्येत कशी आहे, बाबांचा गुडघा कसा आहे, आणि मग थोडं थांबून, केकांचं कसं चाललंय. बाई म्हणायच्या, अगं, फार गडबड, दम खायला फुरसत नाही, कालच तीन केक गेले. जात असत, लिफ्टवाल्याच्या पोटात जात असत. त्याचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला होता. पण गिऱ्हाईक नाही असं म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग इकडेच या दोघं, आणि बाईंना तिकडे जायचं नव्हतं. बाईंना ती इकडे यायला हवी होती. हे दोन वेगळे पदार्थ होते, दिसायला एकसारखे पांढरे. एकाच्या जागी दुसरा टाकून चाललं नसतं. छान, असं बबडी म्हणायची. फोटो बघते हं मी, म्हणायची. त्यापुढे कधीच काही म्हणाली नव्हती.

बाईंनी बसलेलं पांढरं मोरीत ओतून दिलं. ओतताना त्यांना ते पातं दिसलं. चपटं, लांब, लाकडी मुठीचं, केकवाल्या दुकानदाराच्या हातातलं. तेवीस वर्षं झाली, तरी ते इतकं स्वच्छ दिसलं की त्याच्या मुठीवरचा भेगेचा डागही दिसला. त्या दिवशी कॉलेजात सामानाची वार्षिक मोजदाद होती, चंचुपात्रं अकराने कमी भरत होती, आणि बाईंनी ती अकरा सापडेपर्यंत कपाट बंद करू दिलं नव्हतं. सापडली, खोक्यामागे होती. तेव्हा साडेसहा वाजले होते आणि घरी आठ मुली कागदी टोप्या घालून बसल्या होत्या, कारण बबडी आठ वर्षांची झाली होती. दुकानात एकच केक उरला होता, कुणीतरी सांगून न नेलेला. वर दुसऱ्या कुणाचं नाव होतं. दुकानदार म्हणाला, त्यात काय ताई, आत्ता खरडतो. त्याने ते पातं आडवं फिरवलं, नाव पात्यावर आलं, ते त्याने फडक्याला पुसलं आणि त्या जागी मोठ्या अक्षरांत बबडी लिहिलं. खालचा गुलाबी रंग पांढऱ्यात फासला गेला होता, आणि वरच्या अंगाला, पात्यातून निसटलेला, कुणाचा तरी एक रफार राहिला होता. घरी दिव्याखाली तो फारच दिसायला लागला. बबडी खुर्चीवर गुडघे टेकून केकवर वाकली, बराच वेळ वाकली, आणि हळूच, मैत्रिणींना ऐकू जाऊ नये अशी म्हणाली, "आई, हा आधी कुणाचा होता?" बाई म्हणाल्या, तुझाच. बबडीने मान डोलावली. मग तिने कडेचा, जिथे काही लिहिलेलं नव्हतं तिथला तुकडा कापला आणि पहिल्यांदा आईला भरवला. रडली नाही, रुसली नाही. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाली, केक नको, मला आता आवडत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी विचारलं तेव्हाही. मग विचारणं राहिलं. बाविसाव्या वर्षी शिकायला गेली तेव्हा विमानतळावर तिला पोहोचवून येताना बाईंनी लिफ्टवाल्याला म्हटलं होतं, काहीतरी विसरलं हो घरी. त्याने सगळी यादी पुन्हा वाचून दाखवली, अगदी सुईदोऱ्यापर्यंत. काहीच विसरलेलं नव्हतं.

दुपारी साडेतीनला दारावरची घंटा वाजली. लिफ्टवाला झोपला होता. जेवणानंतर तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो, असं बाई म्हणत. दारात पस्तिशीची एक बाई उभी, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र तसंच लटकलेलं, घाईत पायातून निसटलेला एक बूट हातात धरलेला. आवाज बाईंनी लगेच ओळखला. सकाळचाच. पत्ता पानावर होता म्हणाली, फोन करणार होते पण सरळ आलेच म्हणाली. तिच्या मुलीचा आज वाढदिवस होता आणि ती विसरली होती. म्हणजे तारीख नव्हती विसरली, वर्षअखेरीचं काम होतं, आज मंगळवार आहे हे विसरली होती. हे सांगताना ती हसली, आणि हसता हसता तिच्या हनुवटीचं काहीतरी बिघडलं. साडेपाचला मुलं येणार होती. जो तयार असेल तो द्या, म्हणाली.

तयार एक होता. चव्वेचाळिसावा. काल केलेला, अननसाचा, पांढऱ्यावर गुलाबी अक्षरं. चार वाजता खिडकीत ऊन आलं की त्याचा फोटो निघायचा होता. बाईंनी फ्रीज उघडला आणि ओळखपत्रवाली त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून म्हणाली, अगदी हाच, सुरेखच आहे.

"तेवढं नाव खरडून टाका. कुणाला काय कळतंय. आठ वर्षांची तर आहे."

आठ महिने ज्या माणसाची वाट पाहिली ते माणूस स्वयंपाकघरात उभं होतं, अनोळखी, भिडेवाचून आलेलं, आपल्या माणसासाठी मागणारं. आणि पातं ओट्यावरच होतं. बाईंनी ते उचललंही. एकदा आडवं फिरवायचं, फडक्याला पुसायचं. त्यांचा हात त्या दुकानदाराच्या हातापेक्षा कितीतरी सफाईचा होता. रफारबिफार राहिला नसता. कुणालाही कळलं नसतं. हेच तर. कुणाला कळलं नसतं ते तिलाच कळलं असतं, कारण त्या वयात मुलं केककडे किती जवळून बघतात ते मोठ्यांच्या ध्यानात राहत नाही. बाईंनी पातं ठेवलं आणि फ्रीजचं दार लावलं.

"हा नाही देता येणार. हा आधीच दुसरीचा आहे."

ओळखपत्रवालीचा चेहरा उतरला. ती बूट चढवायला वाकली. बाईंना वाटलं, ही गेली. ही गेली की पुन्हा कुणी येणार नाही, बस गेली, दार लागलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, बस तू, काल भाजलेला एक स्पंज डब्यात आहे कोरा, कुणाचाच नाही, चाळीस मिनिटांत करून देते. आणि अनोळखी बाईला आपण अगंतुगं केलं हे त्यांना फार नंतर कळलं. ती घड्याळाकडे बघून स्टुलावर बसली. बाईंनी स्पंज आडवा चिरला, पाकाने भिजवला, क्रीम तोलून घेतलं. तराजूचा काटा स्थिर झाला. मग तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, पण आता घाईत नव्हे. माझी मुलगी, बाईंनी सांगितलं. किती वर्षांची? एकतीस. ती खो खो हसली. मग बाईंच्या पाठीकडे बघून तिने स्टूल जरा पुढे ओढलं. थोड्या वेळाने ती म्हणाली की तिने ते त्रेचाळीस फोटो मोजले तेव्हा तिला वाटलं होतं, ज्या पोरीला दर आठवड्याला केक मिळतो ती पोरगी काय नशिबाची असेल. बाई फिरत्या पाटावर केक फिरवत राहिल्या. कड गुळगुळीत व्हायला हवी होती, ती होत होती, पण त्यांना नीट दिसत नव्हती.

नाव लिहायची वेळ आली तेव्हा खरी परीक्षा. तीन अक्षरी नाव, मध्ये जोडाक्षर. बाईंनी पिशवी धरली, श्वास धरला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की मनगट ब कडे वळतंय. आपलं आपण, जुन्या लिफ्टसारखं. बटण कुठलंही दाबा, ती आपल्या मजल्यावरच थांबणार. बाईंनी पिशवी बाजूला केली. तिला म्हणाल्या, तू तिला हाक कशी मारतेस, मारून दाखव. ओळखपत्रवाली लाजली, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, जणू पलीकडच्या खोलीत ती पोर खेळते आहे, अशी तिने हाक मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा लांबवून. घरात कित्येक वर्षांत कुणी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली नव्हती. आतून लिफ्टवाला झोपेतच ओ म्हणाला. दोघी हसल्या, आणि त्या हसण्यात बाईंच्या हातून नाव उतरलं, पहिलं अक्षर जरा थरथरलेलं, पुढची दोन सरळ.

जाताना तिने पाटी वाचावी तसं ते नाव अक्षर अक्षर वाचलं आणि डबा छातीशी धरून जिन्याने उतरली. लिफ्टची वाट बघायला तिला धीर नव्हता. त्याआधी उन्हात केकचा फोटो निघाला होता, आणि लिफ्टवाल्याने जागा होऊन, दोन्ही अंगठ्यांनी, तो पानावर चढवला होता. मग तो फ्रीजपाशी जाऊन म्हणाला, चला, आता हा राहिलेला आपला. पट्ट्याची काळजी नको, तिसरं भोक पाडून घेतलंय.

फोन वाजला. मंगळवार होता. ज्या आवाजाचा वार रविवार तो आवाज मंगळवारी ऐकून बाईंनी पहिल्यांदा तब्येत विचारली. बरी आहे म्हणाली बबडी. तिच्याकडे पहाट होती, अजून दिवा लावायचा होता.

"आई, पहिलं गिऱ्हाईक मिळालं ना गं?"

बाई म्हणणार होत्या की पहिलं कसलं, अगं फार गडबड, कालच तीन गेले. पण बबडीने नुसतं आई म्हटलं आणि त्या थांबल्या. त्यांना कळलं. त्रेचाळीस केक आणि त्रेचाळिसांवर तिचंच नाव. तिला पहिल्या रविवारपासून सगळं ठाऊक होतं. ती समुद्रापलीकडे बसून दर आठवड्याला आपला वाढदिवस बघत होती आणि दर रविवारी छान म्हणत होती.

"हो, मिळालं," बाई म्हणाल्या. "आठ वर्षांची आहे."

पलीकडून अगदी हळू, मैत्रिणींना ऐकू जाऊ नये असा आवाज. "उठल्याबरोबर फोटो बघते मी. आज बघितलं तर दुसरंच नाव. तू माझं खरडून तिचं लिहिलंस?"

"नाही. तिचा वेगळा केला. तुझा आहे, फ्रीजमध्ये. अननसाचा."

"मग तो ठेव," बबडी म्हणाली. "बाबांना देऊ नकोस. ठेव तो."

किती दिवस ठेवू, येते आहेस का, कधी, यातलं काहीही बाईंनी विचारलं नाही. क्रीम चार दिवस टिकतं, फळ असेल तर तीन; हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. फोन ठेवून त्या वळल्या तेव्हा लिफ्टवाला चमचा घेऊन तयार होता. बाईंनी केक त्याच्यासमोरून उचलला, मोठ्या डब्यात ठेवला, झाकण लावलं. खणातून जुनी लेबलं काढली, कॉलेजातून येताना आणलेली, कडा पिवळ्या पडलेली. एक चिकटवलं. पहिल्या रकान्यात नाव लिहिलं, दुसऱ्यात तारीख. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं, बराच वेळ टेकवून ठेवलं, शाईचा एक ठिपका उमटला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि डबा फ्रीजमध्ये सगळ्यात मागे, थंड असतं तिथे, सरकवून ठेवला.